लठ्ठा, मिथेनॉल आणि विषारी दारू : बडोदेकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या मराठी घरांमधून, विशेषतः खानदेशातून इकडे कामाला आलेल्या मंडळींकडून, फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घरात कुणी आत्ता प्यायलेलं असेल तर बाकीचं नंतर वाचा. आधी १०८ ला फोन करा आणि प्रश्न ३ पाहा.

१. लठ्ठा म्हणजे नेमकं काय? हातभट्टीची आणि लठ्ठा एकच का?

एकच नाही. हातभट्टीची म्हणजे गूळ, नवसागर, मोहाची फुलं असं काहीबाही आंबवून, उकळून काढलेली दारू. ती वाईट असते, पण तिच्यातलं अल्कोहोल हे बाटलीबंद दारूत असतं तेच, म्हणजे इथेनॉल. गुजरातेत लठ्ठा म्हणतात तो बहुतेक वेळा केमिकलवाला माल असतो. त्यात मिथेनॉल, म्हणजे मिथाइल अल्कोहोल असतं. हे कारखान्यात लागणारं रसायन आहे. रंग, रेझिन, औषधं, फॉर्मालिन बनवायला ते वापरतात. दिसायला पाण्यासारखं, वासाला दारूसारखं, आणि पोटात गेल्यावर सुरुवातीला चढतंही दारूसारखंच.

२. पण मिथेनॉल भट्टीत आपोआप तयार होतं असं ऐकलंय. मग दोष भट्टीवाल्याच्या हाताचा ना?

हा समज फार पसरलेला आहे. फळांच्या सालीत आणि गरात पेक्टिन असतं, ते आंबताना थोडं मिथेनॉल सुटतं हे खरं. गुळाच्या रसायनात, म्हणजे भट्टीसाठी आंबवलेल्या गुळाच्या पाण्यात, तेवढंही सुटत नाही. अशा चिमूटभर मिथेनॉलने एका रात्रीत वस्तीच्या वस्ती आडवी होत नाही. शंभर-शंभर माणसं मरतात तेव्हा कुणीतरी ड्रममधलं मिथेनॉल मुद्दाम मिसळलेलं असतं. ते स्वस्त पडतं, भट्टी लावायची कटकट नाही, धूर नाही, वास नाही.

१९८९ साली खुद्द बडोद्यात लठ्ठ्याने शंभराहून अधिक माणसं गेली. २००९ साली अहमदाबादेत तेच झालं. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरच्या आसपास माणसं दगावली. जुलै २०२२ मध्ये बोटाद जिल्हा आणि आसपासच्या गावांत चाळीसहून अधिक गेली, आणि तिथे तर प्यायच्या पोटलीत (प्लास्टिकच्या पिशवीत) दारू जवळजवळ नव्हतीच. मिथेनॉल आणि पाणी, एवढंच. भट्टी चुकली म्हणून हे झालं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

३. भाऊ काल पोटली प्यायलाय आणि आता त्याला बरं वाटत नाहीये. या क्षणी काय करू?

१०८ ला फोन करा आणि फोनवरच सांगा : "केमिकलवाली दारू प्यायल्याचा संशय आहे." झोपून बरं वाटेल याची वाट पाहू नका. ओळखीच्या डॉक्टरकडून आम्लपित्ताचं इंजेक्शन घेऊन घरी परतू नका.

गाडी येईपर्यंत त्याला डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. एकटं सोडू नका. गुंगी असेल तर तोंडाने काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. त्याला स्कूटरवर मधे बसवून नेण्याचा प्रकार टाळा, वाटेत झटका आला तर दोघं पडाल.

उरलेली पोटली, बाटली, प्यायलेला ग्लास पिशवीत घालून बरोबर घ्या. काय, किती, केव्हा प्यायला आणि बरोबर कोण होतं, हे एका कागदावर लिहून न्या. आणीबाणीत तोंडी सांगितलेली वेळ दहा मिनिटांत बदलते.

जायचं कुठे? जिथे अतिदक्षता विभाग आणि डायलिसिस दोन्ही आहे तिथे. शहरात काळ्या घोड्याजवळचं सयाजी हॉस्पिटल किंवा गोत्रीचं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय ही नावं लक्षात ठेवा. लहान नर्सिंग होममध्ये नेलंत तर तिथून पुन्हा हलवावं लागेल, आणि त्यात जातो तो वेळ रुग्णाच्या डोळ्यांच्या हिशेबातला असतो.

डॉक्टरांना किंवा तुम्हाला विषाबद्दल सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७ हा आहे.

४. रात्री प्यायला, सकाळी चहा घेऊन कामावरही गेला, आणि दुपारी म्हणतो दिसत नाही. असं कसं होतं?

या विषाची सगळी फसवणूक याच मधल्या वेळात आहे. मिथेनॉल स्वतः फारसं मारत नाही. यकृत ते फोडायला घेतं. आधी त्याचं फॉर्माल्डिहाइड होतं, मग फॉर्मिक ॲसिड. हे ॲसिड साचत जातं, पेशींना प्राणवायू वापरता येईनासा होतो, आणि रक्त आम्लधर्मी होतं. सर्वांत आधी मार बसतो तो डोळ्यांच्या नसेला आणि मेंदूच्या आतल्या काही भागांना.

हे सगळं व्हायला साधारण १२ ते २४ तास लागतात. पोटलीत मिथेनॉलबरोबर खरी दारूही असेल, किंवा त्याने नंतर दुसरीकडची दारू घेतली असेल, तर आणखी उशीर होतो. कधी दोन-तीन दिवसही. (का, ते प्रश्न ९ मध्ये.) म्हणून "सकाळी तर ठणठणीत होता" हे वाक्य कॅज्युअल्टीत जवळजवळ प्रत्येक नातेवाईक म्हणतो. खोटं नसतं ते.

५. साधा हँगओव्हर आणि ही विषबाधा यांत फरक कसा ओळखायचा?

डोकेदुखी, मळमळ, उलट्या, पोटात कळा, गळाठा हे दोन्हींत असतं. पण हँगओव्हर तास जातील तसा उतरतो, मिथेनॉल तास जातील तसं चढतं. शिवाय तीन गोष्टी हँगओव्हरमध्ये नसतात : नजर धूसर होणं (रुग्ण "समोर पांढरं धुकं आहे", "लाइट लावा" असं भरदिवसा म्हणतात), धावून आल्यासारखा खोल आणि जलद श्वास, आणि वाढत जाणारी गुंगी किंवा झटके. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन उजेडालाही लहान होत नसतील तर प्रकरण फार पुढे गेलंय.

यांतलं एकही दिसलं तर प्रश्न ३. काही दिसत नसलं, पण माल कुठला होता ते माहीत नसेल आणि दुपारपर्यंत बरं वाटायच्या ऐवजी बिघडत असेल, तरीही प्रश्न ३.

६. त्याच्याबरोबर आणखी चौघं प्यायले. त्यांना काहीच होत नाहीये. त्यांनीही जायचं का?

हो, आणि आत्ताच. त्यांना लक्षणं सुरू व्हायच्या आत गाठलं तर डोळे आणि जीव दोन्ही वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. एका अड्ड्यावरचा माल एकाच कॅनमधून आलेला असतो. कुणी कमी प्यायलं, कुणी भरल्या पोटी प्यायलं, कुणी आधी दुसरी दारू घेतली होती, म्हणून फक्त वेळ पुढेमागे होते. फोन लावा, घरी माणूस पाठवा, बायकोला सांगा. भिडस्तपणा इथे कामाचा नाही.

७. गुजरातेत दारूबंदी आहे. हॉस्पिटलमध्ये खरं सांगितलं तर पोलीस धरतील ना?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून गुळमुळीत उत्तर देत नाही. गुजरातेत परवान्याशिवाय पिणं गुन्हा आहे. विषबाधेचा रुग्ण आला की रुग्णालय तो वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंदवतं आणि पोलिसांना कळवतं. तुम्ही "काहीतरी खाण्यात आलं" म्हणालात तरी विषबाधा दिसली की नोंद होणारच. म्हणजे खोटं बोलून पोलीस टळत नाहीत, फक्त उपचार चुकतात. पोटदुखीचं सलाइन लावून चार-सहा तास जातात, आणि तेवढ्यात नजर जाते.

उपचार मात्र कुणी नाकारू शकत नाही. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की आधी जीव वाचवायचा, कागदपत्रं आणि पोलिसी सोपस्कार नंतर. सरकारी असो वा खासगी, डॉक्टरांवर हे बंधन आहे. आणि २००९ नंतर गुजरातने कायद्यात जो कडक बदल केला, ज्यात लठ्ठ्याने माणसं मेली तर फाशीपर्यंत शिक्षा आहे, तो बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांसाठी आहे. प्यायलेल्या माणसासाठी नाही.

आमचं मत विचाराल तर, लठ्ठ्याने जातात त्यांतले बरेच जण मिथेनॉलपेक्षा या भीतीने जातात. "पित्त झालंय" असं शेजाऱ्यांना सांगून पांघरूण घालून निजवलेली माणसं फार असतात.

८. उलटी करवू का? मिठाचं पाणी, ताक, लिंबू, तूप, कोळशाची पूड?

काहीच नको. लक्षणं दिसेपर्यंत ते पोटात राहिलेलंच नसतं, रक्तात गेलेलं असतं. गुंगीतल्या माणसाला उलटी करवली तर ती फुफ्फुसात जाण्याचा धोका. मिठाचं पाणी जास्त झालं तर तेच विष ठरतं. ताक आणि लिंबू निरुपद्रवी वाटतात, पण गुंगीत घोटभर ताकही ठसक्याने जीव घेऊ शकतं. इतर विषांवर रुग्णालयात देतात तो औषधी कोळसा अल्कोहोलच्या जातीतली विषं धरून ठेवत नाही.

९. "दारूवर उतारा दारूच" म्हणतात. मिथेनॉलवर साधी दारू देतात हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि ते अर्धंच फार धोक्याचं आहे.

मिथेनॉल आणि साधं अल्कोहोल यकृतात एकाच विकराकडे (एन्झाइमकडे) जातात. रेल्वेच्या एकाच खिडकीवर दोघांची रांग आहे आणि साध्या अल्कोहोलला नेहमी पुढे घेतात, असं समजा. ते रक्तात आहे तोवर मिथेनॉल मागे थांबतं, त्याचं ॲसिड होत नाही. म्हणून रुग्णालयात शुद्ध इथेनॉल शिरेतून किंवा नाकातल्या नळीने देतात, आणि रक्तातलं त्याचं प्रमाण दर १०० मिलीला १०० ते १५० मिलिग्रॅम राखतात. त्यासाठी वारंवार तपासण्या कराव्या लागतात, रक्तातली साखर सांभाळावी लागते, श्वासावर नजर ठेवावी लागते.

घरी हे जमणार नाही. प्रमाण कळत नाही, आधीच गुंगीत असलेल्या माणसाचा श्वास आणखी मंदावतो, आणि हाताशी असलेली "चांगली" बाटलीही त्याच अड्ड्यावरची असू शकते. शिवाय ती प्यायल्यावर थोडं बरं वाटतं आणि माणूस दवाखान्यात जायचं टाळतो. ॲसिड टळलेलं नसतं, लांबलेलं असतं.

१०. मग हॉस्पिटलमध्ये नेमकं करतात काय? बिल पाहून कळत नाही.

तीन कामं एकाच वेळी चालतात. पहिलं, आणखी ॲसिड बनू न देणं. त्यासाठी फोमेपिझोल हे खास औषध आहे. तेही त्याच विकराला अडवतं, पण नशा आणत नाही आणि डोस साधारण दर १२ तासांनी द्यायचा असल्याने सांभाळायला सोपं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. आपल्याकडे मात्र ते सहज मिळत नाही आणि महाग असतं, म्हणून बहुतेक ठिकाणी इथेनॉलच वापरतात. डॉक्टरांनी "स्पिरिट चढवलं" म्हणून भांडायला जाऊ नका, तो खरोखरचा उतारा आहे.

दुसरं, झालेलं ॲसिड निवळणं. सलाइनमधून सोडियम बायकार्बोनेट देतात. आम्लता कमी झाली की ॲसिड डोळ्यांच्या नसेत आणि मेंदूत कमी शिरतं. जोडीला फॉलिनिक किंवा फॉलिक ॲसिडची इंजेक्शनं देतात. फॉर्मिक ॲसिडचं विघटन लवकर व्हावं हा त्यामागचा हेतू. नावात ॲसिड आहे म्हणून घाबरू नका, ते जीवनसत्त्व आहे.

तिसरं, विष बाहेर काढणं, म्हणजे डायलिसिस.

रक्तातलं मिथेनॉल मोजायची तपासणी फार थोड्या ठिकाणी होते आणि रिपोर्टला वेळ लागतो. म्हणून चांगला डॉक्टर तिची वाट न पाहता धमनीतल्या रक्ताची वायू-आम्लता तपासणी आणि तुमचं सांगणं यांवर उपचार सुरू करतो. तुमचं सांगणं खरं असावं लागतं ते यासाठी (प्रश्न ७).

११. किडनी तर चांगली आहे, मग डायलिसिस कशाला?

डायलिसिस म्हणजे किडनी गेली, हे आपल्या डोक्यात बसलंय म्हणून हा प्रश्न येतो. इथे ते किडनीसाठी नसतं. इथेनॉल किंवा फोमेपिझोलने मिथेनॉल अडवलं की ते शरीरातच पडून राहतं, निम्मं कमी व्हायलाच दोनेक दिवस लागतात. यंत्र ते काही तासांत काढतं, आणि तयार झालेलं फॉर्मिक ॲसिडही बरोबर धुऊन नेतं. नजर गेली असेल, झटके आले असतील, बेशुद्धी असेल किंवा रक्त फार आम्लधर्मी झालं असेल तर ते लांबवू नये. सहीसाठी गावाहून मोठे काका येईपर्यंत थांबणारी कुटुंबं असतात. थांबू नका.

१२. किती प्यायलं तर धोका?

शुद्ध मिथेनॉल १० मिली, म्हणजे दोन चहाचे चमचे, दृष्टी घालवायला पुरेसं ठरलेलं आहे. ३० मिलीच्या आसपास जीव जाऊ शकतो. लहान मुलाला एक घोटही फार. पोटलीत ते किती मिसळलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, त्यामुळे "मी अर्धीच प्यायलो" याने काही ठरत नाही.

१३. घरी तपासायचा काही उपाय? जाळून बघतात म्हणे. सीलबंद बाटली तरी सुरक्षित ना?

नाही. मिथेनॉल आणि साधं अल्कोहोल, दोघांचीही ज्योत निळसर असते, मिथेनॉलची तर उजेडात दिसतही नाही. वासाने, चवीने, पाण्यात टाकून, बोटावर घासून, कशानेच कळत नाही. उकळून "वाईट उडवून लावू" हाही भ्रम आहे. उकळण्याचे बिंदू वेगळे असले, ६५ आणि ७८ अंशांच्या जवळ, तरी भांड्यात उकळून दोन्ही वेगळी होत नाहीत. आणि सीलबंद म्हणाल तर जुन्या बाटल्या नवं बूच लावून विकणं हा बंदीच्या राज्यातला जुना धंदा आहे.

१४. सॅनिटायझर, थिनर, फ्रेंच पॉलिश, दवाखान्यातलं स्पिरिट प्यायलं तर? तेही हेच का?

प्रत्येकाचं वेगळं. थिनरमध्ये मिथेनॉल असू शकतं. फ्रेंच पॉलिश ज्या स्पिरिटमध्ये बनवतात ते पिऊ नये म्हणून मुद्दाम विषारी केलेलं असतं, त्यातही. त्यांना लठ्ठाच समजा. सॅनिटायझर बरेचदा इथेनॉलचं किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचं असतं. आयसोप्रोपिलने नशा आणि गुंगी साध्या दारूहून जास्त येते, पोटाची आग होते, पण त्याचं ॲसिड बनत नाही, ॲसिटोन बनतं. त्यामुळे नजर सहसा जात नाही आणि उतारा द्यावा लागत नाही, श्वास आणि रक्तदाब सांभाळतात. मात्र नकली सॅनिटायझरमध्ये मिथेनॉल सापडलेलं आहे. २०२० च्या टाळेबंदीत आंध्रात दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेली डझनभराहून अधिक माणसं गेली. लेबलवर भरवसा न ठेवता बाटली घेऊन रुग्णालय गाठा.

१५. मुलाने गॅरेजमधलं कूलंट चाटलं, गोड लागलं म्हणाला. हेही त्याच जातीचं?

हो. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. त्याचंही ॲसिड बनतं, पण ते डोळ्यांऐवजी किडनीवर जातं, तिथे त्याचे खडे साचतात आणि लघवी बंद होते. उतारा तोच, इथेनॉल किंवा फोमेपिझोल, आणि डायलिसिस. जोडीला बी-१ आणि बी-६ जीवनसत्त्व देतात. मूल खेळतंय म्हणून थांबू नका.

याचाच भाऊ डायइथिलीन ग्लायकॉल. तो दारूत क्वचित, औषधात जास्त सापडतो. १९८६ मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले, आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुलं खोकल्याच्या औषधाने गेली, ती यामुळेच.

१६. मी नंदेसरीला केमिकल कंपनीत आहे. मिथेनॉल अंगावर सांडलं तर विषबाधा होते का?

होऊ शकते. ते कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात जातं. भिजलेले कपडे लगेच काढा, साबण-पाण्याने भरपूर धुवा, मोकळ्या हवेत या. बूट-मोजे भिजले असतील तर तेही काढा, लोक हे विसरतात. थोडा शिंतोडा उडाला तर काळजी नाही. अंग भिजलं असेल किंवा बंद टाकीत काम केलं असेल तर कंपनीच्या डॉक्टरला दाखवा आणि दोन दिवस डोळ्यांकडे लक्ष ठेवा. गळती पेटली तर ज्योत दिसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

१७. गेलेली नजर परत येते का?

काहींची येते, काही दिवसांत ते काही आठवड्यांत. काहींची थोडी सुधारते आणि नंतर पुन्हा घटते. बऱ्याच जणांची कायमची जाते, कारण डोळा शाबूत असला तरी नस सुकलेली असते. म्हणून चष्मा किंवा मोतीबिंदूसारखं ऑपरेशन उपयोगाचं नाही. नस पुन्हा जिवंत करायची हमी देऊन पैसे घेणारे भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. मेंदूच्या आतल्या भागाला मार बसलेल्यांना पुढे कंपवातासारखी थरथर आणि ताठरपणाही येतो.

१८. बाबा रोज पिणारे आहेत. ॲडमिट केल्यावर तिसऱ्या दिवशी थरथरायला लागले, काहीतरी दिसतंय म्हणतात. विष चढलं का?

बहुधा रोजची दारू एकाएकी बंद झाल्याचा तो परिणाम आहे, आणि तोही जिवावर बेतू शकतो. त्यावर वेगळी औषधं आहेत. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा की किती वर्षं आणि रोज किती. "कधीतरी घेतात हो" असं सौम्य करून सांगू नका.

१९. रक्तात अल्कोहोल नाही, ॲसिडही नाही, असा रिपोर्ट आला. मग घरी नेऊ का?

इथे जाणकारही फसतात. नेहमीची अल्कोहोलची तपासणी फक्त इथेनॉल बघते, मिथेनॉल तिच्यात दिसतच नाही. आणि पहिल्या काही तासांत मिथेनॉल रक्तात भरपूर असूनही ॲसिड बनलेलं नसतं, त्यामुळे आम्लतेचा रिपोर्ट चांगला येतो. बरोबर साधी दारूही प्यायलेला असेल तर हा चांगला रिपोर्ट आणखी लांबतो. अशा वेळी डॉक्टर रक्ताची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण मोजून, हिशेबाने यायला हवा त्या आकड्याशी ताडतात. त्यात मोठी तफावत निघाली तर काहीतरी अल्कोहोल आत आहे असा अर्थ. उलट उशिरा आलेल्या रुग्णात मिथेनॉल संपून सगळं ॲसिड झालेलं असतं, तेव्हा ही तफावत दिसत नाही आणि आम्लता मात्र भयंकर असते. म्हणून एका रिपोर्टवर घरी नेऊ नका. काही तासांनी तपासण्या पुन्हा करायला सांगा, आणि त्याच मालातून प्यायलेलं कुणी आजारी पडलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा. रिपोर्ट चांगला असला तरी तेवढ्यावर उपचार सुरू करता येतात.